सिंधू गांगुर्डे म्हणाली होती

ऋत्विजनं गिटारच्या तारांवर तळहात दाबला. अफझलचे दोन ठोके जास्तीचे पडले, मग तोही थांबला.

"विशाखा, तू परत गायला लागलीस," ऋत्विज म्हणाला.

"मग काय करू?"

"गाऊ नको. आवाज गोड करायचा नाही, शब्द लांबवायचा नाही. नळावर कोणी तुझी कळशी बाजूला सारली तर काय करशील?"

"शिव्या देईन," मी म्हटलं.

"तसं पाहिजे."

अफझल ड्रममागे बसून हसायला लागला. "भावा, हिच्या शिव्या तू ऐकल्या नाहीस. स्पीकर फाटेल."

"फाटू दे," ऋत्विज म्हणाला. "चल, पहिल्यापासून."

ही दोन हजार बाराची गोष्ट. आम्ही तिघं नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होतो. ऋत्विज देवस्थळेच्या वडलांचा सातपूरला कारखाना होता, सुहित प्रेस वर्क्स. पत्र्याचे भाग दाबून काढायचे, गाड्यांच्या कंपन्यांना पुरवायचे. कारखान्यावर एक पत्र्याचा माळा होता. सुटीच्या दिवशी खालचे प्रेस बंद असायचे तेव्हा आम्ही तिथं वाजवायचो. ऋत्विज गिटार, अफझल पिंजारी ड्रम, आणि मी बेस गिटार वाजवून ओरडायचे. बँडचं नाव होतं 'तिसरी पाळी'. ते मी ठेवलं होतं, कारण माझी आई तिसऱ्या पाळीला जायची तेव्हा घरात मी एकटी असायचे.

हार्डकोर पंक हे दोन शब्द मला ऋत्विजनं शिकवले. तो रात्रंदिवस इंटरनेटवर त्याच्या मागे असायचा. पंक म्हणजे बंडखोर रॉक एवढं मला ऐकून माहीत होतं. ऋत्विज म्हणायचा, पंकवाल्यांची पुढं फॅशन झाली, केस आणि जाकीटं विकायला लागली, तेव्हा अमेरिकेतली काही पोरं चिडली आणि त्यांनी त्यातलं सगळं सजवलेलं काढून टाकलं. उरलं ते हार्डकोर. वेग दुप्पट. गाणं एक मिनिट, फार तर दीड. गिटारवाल्यानं मध्येच आपली करामत दाखवत बसायचं नाही. प्रेमाची गाणी नाहीत. गाणारा ओरडतो, कारण त्याला सांगायचंय आणि वेळ कमी आहे. स्टेज नको, सगळे एकाच फरशीवर. समोरचे एकमेकांवर आदळतात, पण कोणी पडला तर आधी उचलायचा. माइक कोणीही घ्यावा. कुठली कंपनी नको, पोस्टर आपण काढायचं, रेकॉर्डिंग आपण करायचं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," तो म्हणायचा, "खोटं बोलायचं नाही."

तो दारूला, तंबाखूला शिवायचा नाही. मनगटावर पेननं मोठी फुली काढायचा, ती त्याची खूण. मला बेस त्यानंच दिला, स्वतःचा जुना. बोटं कशी ठेवायची ते तासन्‌तास बसून शिकवलं, आणि मला कधी कमी लेखलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यामुळं तो पहिल्यापासूनच तसा होता असं कोणाला वाटू नये.

माझी आई, सिंधू गांगुर्डे, त्याच कारखान्यात प्रेसवर होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. ऋत्विजला हे बँड सुरू झाल्यावर चार महिन्यांनी कळलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाही."

"मला काही फरक पडत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळे घरच्यासारखेच असतात."

मी बेसची खुंटी पिळत राहिले.

त्या वर्षी मार्चमध्ये दुपारी मला वर्गातून बोलावून घेतलं. शिपाई म्हणाला, फोन आलाय, आई दवाखान्यात आहे. मी पोचले तेव्हा आई खाटेवर बसलेली होती. उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बांधलेलं, आणि ते बांधलेलं लहान दिसत होतं. पहिलं बोट, मधलं बोट आणि तिसऱ्याचं अर्धं गेलं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं नव्हतं. कारखान्याच्या ओळखीच्या एका खासगी डॉक्टरकडे आणलं होतं, म्हणजे कुठं नोंद व्हायला नको.

"काय झालं?"

"काय व्हायचं," आई म्हणाली. "आला खाली."

त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात मध्ये राहूच शकत नाही, त्यासाठीच ती सोय. पण तसं केलं तर तासाला पीस कमी निघतात. म्हणून एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवायचं. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्या हातानं उरलेलं बटण दाबायचं. पत्रा अडकला, आईनं तो सोडवायला हात घातला आणि डाव्या कोपराचा धक्का बटणाला लागला.

शिंपी नावाचा सुपरवायझर दाराशी उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, कोणी विचारलं तर आईनं सांगायचं, चक्कर आली म्हणून हात गेला. बटणाचं काढायचं नाही. मग साहेब सगळं बघतील."

"बटणाचं काय?"

"तेच म्हणतोय. काढायचं नाही."

आठवड्यानं देवस्थळे साहेब स्वतः आमच्या खोलीवर आले. पांढरा सदरा, हातात मोसंब्यांची पिशवी. आमच्याकडे खुर्ची एकच, त्यावर बसले. आवाज अगदी मऊ होता.

"सिंधूताई, तुम्ही काळजी करायची नाही. बरं वाटलं की पॅकिंगला घेऊ तुम्हाला. बसून काम. तुम्ही आमच्या घरच्या आहात."

आई म्हणाली, "हो साहेब."

"फक्त चुकून कोणी अधिकारी आला, तर शिंप्यांनी सांगितलंय तसं. उगाच कारखाना बंद पडला तर चाळीस घरं उपाशी राहतील. तुम्हाला कळतंय."

"हो साहेब."

ते गेल्यावर मी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. आई उठली, डाव्या हातानं ती परत आत आणली.

"फळांनी काय केलं तुझं?"

"तू हो साहेब, हो साहेब काय करून राहिली?"

"मग काय करू? हात आहे का दुसरीकडे काम मागायला?"

माझ्या कानात तेव्हापासून काहीतरी वाजायला लागलं आणि ते थांबेना. दोन दिवसांनी मी चार ओळी लिहिल्या.

एक बटण बांधलेलं
एक हात मोकळा
देवस्थळे, देवस्थळे
मोजून घे बोटं

माळ्यावर गेले आणि अफझलला म्हटलं, जितकं जोरात येतं तितकं वाजव. तो वाजवायला लागला. मी एकदा म्हटलं. ऋत्विजनं गिटार उचललीच नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "खरंच चांगलं आहे. नाव काढ."

"का?"

"कारण हे वैयक्तिक होतं. हार्डकोर माणसावर नसतं, व्यवस्थेवर असतं. सगळ्या मालकांवर लिही. भांडवलावर लिही."

"व्यवस्था आमच्या खोलीवर मोसंबी घेऊन आली होती, ऋत्विज. आमच्या खुर्चीवर बसली होती."

"तुला काय वाटतं, एकट्या आमच्याकडे होतं का हे? सगळीकडे बांधतात बटण. या पट्ट्यात कुठंही जाऊन बघ."

मी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

त्याच्या मनगटावरची फुली घामानं पसरली होती.

"माझा बाप आहे तो," शेवटी म्हणाला.

"आणि ती माझी आई आहे."

"म्हणूनच सांगतो, दोघांना यात आणू नको. नाव घेणार असशील तर मी हात काढून घेतो."

"घे. तुझ्याकडे दोन आहेत."

अफझल उठून दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "अरे, पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. पोस्टर लागलेत. भांडायचं तर नंतर भांडा."

कार्यक्रम गंगापूर रोडला होता, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात. पुण्याहून एक बँड, मुंबईहून दोन, आणि आम्ही. झेरॉक्सची पोस्टरं ऋत्विजनं स्वतः चिकटवली होती, त्यामुळं तो आला. माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी सहाला तळघर भरलं. शंभरेक पोरं असतील, बहुतेक काळ्या टीशर्टात. स्टेज नव्हतं. माझ्या बुटाला पहिल्या पोराचे बूट लागत होते.

आमची सहा गाणी होती. पाच झाली. पोरं एकमेकांवर आदळत होती, पडत होती, काखेत हात घालून उचलली जात होती. मी माइकमध्ये म्हटलं, "हे शेवटचं. हे सुहित प्रेस वर्क्ससाठी."

ऋत्विजनं माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकला आणि गिटारची वायर उपसून काढली. खांद्यावरून पट्टा काढला, गिटार भिंतीला टेकवली आणि गर्दीतून वाट काढत जिन्याकडे निघाला. लोकांना वाटलं, हेही कार्यक्रमातलंच. त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

अफझलनं चार मोजले. मी बेसवर एकच सूर धरला आणि ओरडले. चार ओळी, दोनदा. संपलं.

"परत, परत," पोरं म्हणाली.

आम्ही परत केलं. या वेळी त्यांना नाव पाठ झालं होतं. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत ती म्हणत होती, देवस्थळे, देवस्थळे. एकानं माइक माझ्या हातातून घेतला आणि नाचत नाचत म्हणत राहिला, मोजून घे बोटं. तो हसत होता. सगळेच हसत होते, आनंदात होते. घामानं ओला झालेला एक पुण्याचा मुलगा माझ्याजवळ आला.

"काय कडक होतं. देवस्थळे कोण आहे? कोणी खरा आहे का?"

"आहे."

"बेस्ट. आणि बोटं म्हणजे काय, प्रतीक आहे का कशाचं?"

मी बेस तिथंच फरशीवर ठेवला आणि वर रस्त्यावर येऊन ओकले. ऋत्विजवर राग होता, तो होताच. पण त्या पोरांवरही होता, आणि त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. पडलेल्याला ती उचलतच होती. माझ्या आईची बोटं मी त्यांच्यामध्ये फेकली होती आणि ती त्यांनी झेलली, एवढंच.

दोन दिवसांनी शिंपी खोलीवर आला. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "सिंधूबाई, पॅकिंगचं विसरा. तुमच्या पोरीनं भर कार्यक्रमात साहेबांना नाव घेऊन शिव्या घातल्या. कोणीतरी मोबाइलवर घेतलंय, साहेबांपर्यंत गेलंय."

आईनं त्याला काही विचारलं नाही. तो गेल्यावर दार लावलं आणि पाटावर बसली.

"काय म्हटलं तू?"

"गाणं म्हटलं."

"माझ्या हाताचं गाणं केलं तू?"

"हो."

"मला विचारलं का?"

आई शांतपणे बोलत होती, आणि ती शांतपणे बोलायला लागली की मला भीती वाटायची.

"म्हण माझ्यासमोर."

"इथं?"

"मग कुठं? शंभर लोकांपुढं म्हटलं ना? माझ्यापुढं म्हण."

मी उभी राहिले. आमची खोली दहा बाय दहाची. मी ओरडले. शेजारच्या भिंतीवर कोणीतरी धपका मारला. माझं म्हणून झालं तरी आई तशीच बसून होती.

"काही कळलं नाही. सावकाश म्हण."

मी सावकाश म्हटलं. एकेक ओळ. सावकाश म्हणताना ते गाणं फार छोटं वाटलं.

"देवस्थळे, देवस्थळे," आई म्हणाली. "त्याचं नाव दोनदा आहे. माझं कुठंय?"

"आई, ते तुझ्याबद्दलच आहे."

"माझ्याबद्दल आहे, पण मी कुठंय? बोटं आहेत. ती तर गेली. मी अजून आहे ना?" तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलला. "तुला राग आलाय ते दिसतंय यात. तुझाच आहे सगळा. तुला काय वाटतं, मला राग आला नाही?"

"तू हो साहेब म्हणत होती."

"तोंडावर म्हणत होते. त्याच्या आधी काय म्हटलं ते तुला माहीत आहे का? तू कधी विचारलं?"

मी खाली बसले.

"सोमवारी पाळीला लागले तेव्हाच शिंप्याला म्हटलं, बटण सोडा. पत्रा अडकून राहिलाय, आज नको. तो म्हणाला, माल जायचाय. मंगळवारी परत म्हटलं. हिरा होती शेजारच्या प्रेसला, तिनं ऐकलं. बुधवारी देवस्थळे साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवत होते. त्यांच्यापुढं जाऊन म्हटलं, साहेब, बटण सोडायला सांगा. ते म्हणाले, शिंप्यांशी बोला. आणि गुरुवारी हात गेला." तिचा आवाज जराही हलला नाही. "हे सांग ना. मोजून घे बोटं काय. तो कशाला मोजेल?"

मी म्हटलं, "चक्कर आली म्हणून हात गेला असंच सांगायचं ठरलं होतं ना?"

"काम देणार होते तोवर ठरलं होतं. आता काय देणार?"

त्या दुपारी आम्ही दोघींनी ते गाणं परत केलं. आई बोलत होती आणि मी फक्त जास्तीचे शब्द काढत होते.

सिंधू गांगुर्डे म्हणाली होती
बटण सोडा
सोमवारी म्हणाली होती
बटण सोडा
मंगळवारी म्हणाली होती
बटण सोडा
देवस्थळे, ऐकलं का?
शिंपी, ऐकलं का?

"आता हे कुठं म्हणणार?" आईनं विचारलं. "त्या पोरांपुढं?"

"नाही."

"मग चल. मी पण येते."

अफझलच्या मामाची बँड पार्टी होती, लग्नाच्या वरातीत वाजवायची. त्यांची हातगाडी होती, वर दोन भोंगे, खाली जनरेटर. अफझलनं मामाला काय सांगितलं देव जाणे, पण शनिवारी दुपारी पाळी सुटायच्या वेळी ती गाडी घेऊन तो सुहितच्या फाटकासमोर आला. ड्रमचे तीनच भाग आणले होते. मी बेस भोंग्याला जोडला. गिटार नव्हती. आई गाडीला टेकून उभी राहिली, डोक्यावरून पदर, हात पदराखाली.

पाळी सुटली. आधी पुरुष बाहेर आले, सायकली काढायला लागले. मग बायका. आईला बघून त्या थांबल्या. हिराबाई अहिरे पुढं आली.

"सिंधे, कशी आहे ग? हे काय लावलंय?"

"थांब दोन मिनटं," आई म्हणाली.

अफझलनं चार मोजले. मी सुरू केलं. मला त्या दिवशी घसा ताणावा लागला नाही, आवाज पोटातूनच आला. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. वॉचमनच्या हातात चहाचा ग्लास होता. तो खाली ठेवून उठेपर्यंत संपलं होतं. अडवायला काही उरलंच नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी नाचलं नाही. लोक उभे होते, बस्स.

"परत म्हण," आई म्हणाली.

मी परत म्हटलं. दुसऱ्या वेळी, मंगळवारी म्हणाली होती, हे झालं तेव्हा हिराबाई मोठ्यानं बोलली, "हो, म्हणाली होती. मी होते तिथं."

तोवर शिंपी धावत आला होता. "बंद करा. पोलीस बोलावतो."

"बोलव," आई म्हणाली. "त्यांना पण सांगायचंय."

आणि त्याच्यामागून ऋत्विज आला. कार्यक्रमानंतर तो वडलांच्या ऑफिसात बसायला लागला होता, हे मला माहीत नव्हतं. अंगात इस्त्रीचा शर्ट. तो माझ्याकडे न बघता सरळ गाडीकडे आला, वाकला आणि त्यानं जनरेटर बंद केला. त्याला बटण कुठं असतं ते बरोबर माहीत होतं.

भोंगे गप्प झाले.

"बस झालं, विशाखा. हे हार्डकोर नाही. हा तमाशा आहे." मग आईकडे वळून, एकदम त्याच्या वडलांच्याच आवाजात, "काकू, तुम्ही आत या. पप्पा बोलतील तुमच्याशी. बसून बोलू."

आईनं पदराखालचा हात बाहेर काढला. पट्टी त्याच सकाळी सुटली होती. तिच्या मैत्रिणींनी तो हात तोवर पाहिला नव्हता. ऋत्विजनंही नव्हता. त्यानं मान फिरवली.

"आत नाही," आई म्हणाली. "इथं बोल. बघ इकडं आणि बोल."

तो फाटकाकडे बघत राहिला.

"सिंधू गांगुर्डे म्हणाली होती," आई ओरडली. माइक नाही, भोंगा नाही. जन्मात मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. शेवटचा शब्द फाटला. अफझलनं ड्रमवर एक ठोका दिला आणि हिराबाई म्हणाली, "बटण सोडा."

"सोमवारी म्हणाली होती."

"बटण सोडा." आता चारपाच जणी होत्या.

"मंगळवारी म्हणाली होती."

"बटण सोडा." मागून पुरुषांचेही आवाज आले. एक बाई मध्येच किंचाळली, "माझ्या प्रेसचं पण सोडा." दुसरी म्हणाली, "माझ्या पण." मग ते गाणं राहिलंच नाही. जी ती आपापलं सांगायला लागली, एकीच्या बोलण्यावर दुसरीचं. कोणाची नखं गेलेली, कोणाचं बोट चेपलेलं, कोण कधी काय म्हणाली होती आणि कोणी ऐकलं नव्हतं. मी बेस हातात धरून नुसती उभी होते. मला म्हणायला काही शिल्लक नव्हतं.

ऋत्विज मागं सरकत सरकत फाटकाच्या आत गेला. वॉचमननं फाटक ओढून घेतलं.

पोलीस आलेच नाहीत. साहेबांना पोलीस नकोच होते. पण सोमवारी हिराबाई आणि आणखी काही जणी युनियनच्या कार्यालयात गेल्या. पंधरवड्यात सरकारी इन्स्पेक्टर आला. सगळ्या प्रेसची बांधलेली बटणं सोडली गेली. किती दिवस सुटी राहिली ते मी छातीठोक सांगू शकत नाही. हिराबाईला वर्षभरानं काढलं, कारण दिलं मंदी.

आमची भरपाईची केस कामगार न्यायालयात पाच वर्षं चालली. बँड मोडला. अफझल मामाच्या पार्टीत गेला, आता ती पार्टी त्याची आहे. मी दुसऱ्या एका बँडबरोबर काही वर्षं ओरडले, मग नोकरी लागली. ऋत्विजला मी त्या फाटकानंतर एकदाच बघितलं, न्यायालयात. आमच्या वकिलांनी त्याला विचारलं, तुम्ही तिथं वरच्या माळ्यावर नेहमी असायचात, प्रेसचं बटण बांधलेलं असतं हे तुम्हाला माहीत होतं का? त्याच्या मनगटावर घड्याळ होतं.

"आम्ही वर गाणी वाजवायचो," तो म्हणाला. "खाली काय चालायचं ते मला माहीत नव्हतं."

मी बाकावर बसून होते. उठून ओरडावं असं वाटलं आणि ओरडले नाही. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, उजवा.

निकाल आमच्या बाजूनं लागला, त्या साक्षींनंतर वर्ष उलटल्यावर. पण मला निकालाचा दिवस नीट आठवत नाही. आठवते ती आईची साक्ष. ऋत्विजनंतर तिलाच बोलावलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, तिला नाव विचारलं, आणि तिनं ते सांगितलं तेव्हा सगळी खोली तिच्याकडे वळली. फाटकावरच्या दिवसानंतर तिचा आवाज जो बसला तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नव्हता. जाड, खरखरीत, मोठा.

मालकाचे वकील उठले. "बाई, जरा हळू बोला. हे न्यायालय आहे. इथं ओरडायचं नसतं."

आईनं त्यांच्याकडे बघितलं.

"हळू बोलायचं ते बोलून झालंय, साहेब," ती म्हणाली.

न्यायाधीश बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. वकिलांना हातानंच बसायची खूण केली.

"बोला," त्या म्हणाल्या.

आणि आई बोलायला लागली.